धोका पत्करायची तयारी मोजायची कशी? वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरे

शस्त्रक्रियेआधीच्या संमतीपत्राबद्दल गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला: रुग्णाची किती धोका घ्यायची तयारी आहे हे ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर त्याचं करायचं काय? निवडक पत्रं संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे. गुडघा बदलायचा का, हे विचारायला गेलो तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला कागद दिला: 'तब्येतीच्या बाबतीत तुम्ही किती धोका पत्करायला तयार असता? ० ते १० पैकी आकडा लिहा.' आईने ३ लिहिला. फाइलवर शेरा पडला, 'शस्त्रक्रियेची तयारी नाही.' हे योग्य आहे का? (वाचक, सांगली)

उत्तर: नाही. त्या ३ वरून फार तर एवढं कळतं की आई स्वतःला जपून वागणाऱ्यांपैकी समजतात.

हा प्रश्न एकट्यादुकट्या रुग्णाचा निर्णय घ्यायला तयार झालेला नाही. जर्मनीत दरवर्षी हजारो कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी होते. तिच्यात २००४ साली सुमारे २२,००० लोकांना हा ० ते १० चा प्रश्न आधी एकूण स्वभावाबद्दल विचारला, मग गाडी चालवणं, पैसा, खेळ, नोकरी आणि आरोग्य यांबद्दल वेगवेगळा. मोठ्या संख्येवर तो चांगला चालतो. मोठा आकडा सांगणाऱ्यांत सिगारेट ओढणारे, शेअर बाजारात पैसे घालणारे, स्वतःचा धंदा करणारे जास्त निघतात. पण कशाचा धोका, कशाच्या बदल्यात आणि किती काळात, या तिन्ही गोष्टी त्या प्रश्नात नाहीत. त्या रुग्ण स्वतःच्या मनाने भरतो. आईंच्या मनात तेव्हा बाहेरचं खाणं होतं की भूल देणं, हे कागदावरून कुणालाच कळणार नाही.

शिवाय शस्त्रक्रिया न करणं म्हणजे धोका शून्य, असं तो शेरा गृहीत धरतो. तसं नसतं. दुखऱ्या गुडघ्याने पडण्याची भीती असते, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटावर नि मूत्रपिंडावर उठतात.

पुढच्या भेटीत भीतीचे तुकडे पाडून विचारायला सांगा. बदललेल्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका साधारण १०० मध्ये १ ते २ असतो. पाचांतला जवळजवळ एक जण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसतो. हा आकडा बऱ्याचदा सांगितलाच जात नाही, आणि आमच्या मते तोच आधी सांगायला हवा. भूल, संसर्ग, दुखणं तसंच राहणं, खर्च, महिनाभर दुसऱ्यावर अवलंबून राहणं: यांतलं नक्की काय नको आहे ते आईंना एकेक करून विचारा. पुष्कळदा नकार शस्त्रक्रियेला नसतो, 'सुनेवर भार नको' याला असतो. त्यावर तोडगा निघू शकतो, ३ या आकड्यावर निघत नाही.

प्रश्न: एका डॉक्टरांनी '९५ टक्के यश' म्हटल्यावर बाबा लगेच हो म्हणाले. दुसरे म्हणाले, 'शंभरातले पाच दगावतात', तर बाबा नको म्हणाले. आकडा एकच ना? बाबांचं मन पक्कं नाही असं समजायचं का? (वाचक, ठाणे)

उत्तर: बाबांना दोष देऊ नका. हे डॉक्टरांचंही होतं.

१९८२ साली अमेरिकेत बार्बरा मॅकनील, स्टीफन पॉकर, हॅरॉल्ड सॉक्स आणि एमॉस ट्वर्स्की यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाची एकच माहिती दोन तऱ्हांनी मांडली. पहिली तऱ्हा जगणाऱ्यांची: शस्त्रक्रिया झालेल्या १०० जणांपैकी ९० त्यातून वाचतात, वर्षाअखेर ६८ आणि पाच वर्षांनी ३४ हयात असतात; किरणोपचार घेणाऱ्या १०० पैकी उपचारात सगळेच वाचतात, वर्षाअखेर ७७ आणि पाच वर्षांनी २२ हयात असतात. दुसऱ्या तऱ्हेत हेच आकडे उलटे, म्हणजे किती दगावतात ते सांगितलं. पहिल्या मांडणीत १८ टक्के लोकांनी किरणोपचार निवडले, दुसऱ्या मांडणीत ४४ टक्क्यांनी. उत्तरं देणाऱ्यांत रुग्ण होते, विद्यार्थी होते आणि डॉक्टरही होते. '१० जण दगावतात' हे वाक्य '९० वाचतात' यापेक्षा जोरात लागतं, एवढाच फरक.

म्हणून धोका घ्यायची तयारी मोजताना दोन्ही बाजू एका दमात सांगायच्या: 'तुमच्यासारख्या १०० जणांपैकी ९५ वाचतात, ५ दगावतात.' आणि लगेच तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. हे पाच टेबलावर, तीस दिवसांत की वर्षभरात? आकडा या रुग्णालयाचा की पुस्तकातला? त्या शंभरांत बाबांच्या वयाचे, मधुमेह असलेले किती? शस्त्रक्रिया न केल्यास किती दगावतात, हा चौथा प्रश्न लोक विसरतात आणि तुलना तिथेच लंगडी पडते.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. शस्त्रक्रियेत पाच वर्षांनी जास्त लोक जगतात, पण धोका आत्ता, टेबलावर. किरणोपचारात धोका पुढे. पुढची दोन वर्षं ज्याला फार मोलाची आहेत, मुलीचं लग्न, नातवंड, अर्धवट घर, त्याने किरणोपचार निवडले तर तो भित्रा ठरत नाही. त्याच्या लेखी जवळचे दिवस जास्त मोलाचे आहेत. मॅकनील यांच्या गटाने १९७८ सालीच दाखवलं होतं की फक्त 'पाच वर्षांनी किती जगतात' या आकड्यावर उपचार ठरवले तर अशा रुग्णांवर अन्याय होतो.

प्रश्न: मी सार्वजनिक आरोग्य शिकतो. जुनाट पाठदुखीच्या रुग्णांवर 'स्टँडर्ड गॅम्बल' वापरून प्रबंध करायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात 'टाइम ट्रेड-ऑफ' सोपं आहे. फरक काय, आणि प्रत्यक्ष कसं विचारायचं? (विद्यार्थी, वर्धा)

उत्तर: आधी ठरवा की तुम्हाला आयुष्याची गुणवत्ता मोजायची आहे की धोका घ्यायची तयारी. स्टँडर्ड गॅम्बलमध्ये दोन्ही एकाच आकड्यात मिसळून येतात, आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येतो.

या पद्धतीचा पाया गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ साली घातला. आजारांसाठी ती वापरात आणली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जॉर्ज टोरन्स यांनी, १९७० च्या दशकात. टाइम ट्रेड-ऑफही त्यांच्याच गटाचं.

साहित्य साधं आहे: आजाराचं वर्णन पाच-सहा ओळींत लिहिलेलं कार्ड, दोन पर्यायांचा फळा, आणि दोन रंगांची फिरणारी तबकडी, म्हणजे ९०-१० डोळ्यांनी दिसतं. पर्याय 'अ': पाठदुखी आहे तशी आयुष्यभर, नक्की. पर्याय 'ब': एक गोळी, ती घेतली तर अमुक शक्यतेने आयुष्यभर ठणठणीत, उरलेल्या शक्यतेने लगेच, वेदना न होता मृत्यू. सुरुवात १०० टक्के बरं होण्यापासून करा. इथे कुणी 'अ' म्हणालं तर त्याला प्रश्न समजलेला नाही, पुन्हा समजवा. मग १०, मग ९०, मग २०, मग ८० असं टोकांकडून आत या. ओळीने ९०, ८०, ७० असं उतरलात तर रुग्ण कंटाळून कुठेतरी मध्येच थांबतो आणि तोच आकडा तुमच्या हाती लागतो. 'दोन्ही सारखंच' असं उत्तर आलं तिथे थांबा. पाठदुखीसारख्या आजारात बहुतेक उत्तरं ९० च्या वर जातात, म्हणून तिथे दहाच्या नव्हे, एकेकच्या पायऱ्या ठेवा. मृत्यू म्हणजे ० आणि ठणठणीत तब्येत म्हणजे १ धरलं, तर ९६ वर थांबलेल्या रुग्णाच्या लेखी त्या अवस्थेचं मूल्य ०.९६. म्हणजे पाठदुखी जावी म्हणून १०० मध्ये ४ इतका मृत्यूचा धोका त्याला चालतो.

आता बिघडतं कुठे ते. पुष्कळ जण म्हणतील, 'मरणाची गोष्टच नको.' त्यांचं मूल्य १ येतं. याचा अर्थ त्यांना पाठदुखीचा त्रास नाही असा नाही. त्यांनी सौदाच नाकारला. त्यांना सरासरीत मिसळू नका, वेगळे मोजून संख्या द्या. असे लोक फार निघाले तर साखळी पद्धत वापरा: गोळी फसल्यावर मृत्यूऐवजी 'अंथरुणाला खिळणं' ठेवा, आणि अंथरुणाला खिळण्याचं मूल्य मृत्यूशी लावून वेगळं काढा. समजा पहिल्या प्रश्नात तो ८५ वर थांबला आणि अंथरुणाला खिळण्याचं मूल्य ०.६० आलं. तर पाठदुखीचं मूल्य ०.८५ + (०.१५ × ०.६०), म्हणजे ०.९४.

टाइम ट्रेड-ऑफमध्ये धोका नसतोच. दहा वर्षं पाठदुखीसह की कमी वर्षं ठणठणीत? सात वर्षांवर दोन्ही सारखं वाटलं तर मूल्य ०.७. एकाच रुग्णाला दोन्ही विचारलं तर स्टँडर्ड गॅम्बलचा आकडा बहुधा वर येतो. हे अंतर म्हणजेच धोक्याची नावड, असं लिहायचा मोह होतो. टाळा. लांबच्या वर्षांना लोक कमी किंमत देतात, त्यामुळे टाइम ट्रेड-ऑफचा आकडाही सरकतो. शिवाय एक टक्क्यासारखी छोटी शक्यता लोकांना आहे त्यापेक्षा मोठी वाटते, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच मांडलं आहे. अंतर नोंदवा, त्याचं श्रेय एकाच कारणाला देऊ नका.

फक्त गुणवत्ताच मोजायची असेल तर ही सगळी खटपट नको. ईक्यू-५डी-५एल ही पाच प्रश्नांची प्रश्नावली घ्या. तिचे भारतासाठीचे मूल्यांक ३,५४८ प्रौढांच्या मुलाखतींवरून काढून २०२२ साली प्रसिद्ध झाले आहेत. आणि काहीही केलंत तरी प्रश्नात 'मृत्यू' हा शब्द आहे, तेव्हा संस्थेच्या नैतिकता समितीपुढे जाताना कुणी रडू लागलं, अस्वस्थ झालं तर मुलाखत कशी थांबवणार आणि कुणाकडे पाठवणार, हे लेखी ठेवा.

प्रश्न: सासरे ७४ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन). डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी घ्या म्हणतात, नाहीतर पक्षाघाताची भीती. सासऱ्यांना रक्तस्रावाची धास्ती. त्यांना किती धोका चालेल, हे घरी बसून मोजता येईल का? (सून, नागपूर)

उत्तर: येईल, आणि बऱ्यापैकी नीट. पण आकडे त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि गोळी आधीच सुरू असेल तर मोजणी होईपर्यंत ती बंद करू नका.

डॉक्टरांना चार आकडे मागा, सगळे 'यांच्यासारख्या १०० जणांत, दोन वर्षांत' या एकाच मापात: गोळीशिवाय पक्षाघात किती, गोळीने किती, गोळीशिवाय मोठा रक्तस्राव किती, गोळीने किती. उदाहरणापुरतं धरू की पक्षाघात १० वरून ४ वर येतात आणि मोठे रक्तस्राव २ वरून ५ वर जातात. म्हणजे सहा पक्षाघात टळतात, तीन रक्तस्राव वाढतात.

पहिलं काम शब्दांचं. 'मोठा रक्तस्राव' म्हणजे पोटात रक्त जाऊन दवाखान्यात भरती, रक्त चढवणं. हिरड्यांतून येणारं रक्त नव्हे. 'मोठा पक्षाघात' म्हणजे एक बाजू लुळी, बोलता न येणं, दुसऱ्याच्या हातून जेवण. दोन्ही चार-चार ओळींत लिहून वाचून दाखवा. पुष्कळांची धास्ती दाढी करताना कापल्याची असते, आणि ती इथेच ओसरते.

मग दोन कागद घ्या. प्रत्येकावर दहा ओळींत दहा, असे शंभर गोल काढा. एक कागद गोळीशिवाय, एक गोळीसह. पक्षाघाताचे गोल लाल, रक्तस्रावाचे निळे रंगवा, खालच्या ओळीपासून सलग. विखरून रंगवलेले गोल मोजता येत नाहीत आणि जास्त वाटतात.

खरे आकडे दाखवून विचारा: कोणता कागद? 'गोळी' म्हणाले तर पक्षाघात तसेच ठेवून वाढीव रक्तस्राव ३ वरून ६ करा, मग १०, १५, २०. ज्या आकड्याला ते 'आता नको' म्हणतील तो लिहा. दोन-तीन दिवसांनी उलटीकडून या: २५ पासून सुरू करून खाली उतरा, आणि 'आता चालेल' कुठे येतं ते लिहा. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत, कारण माणूस जिथून सुरुवात होते तिथे थोडा अडकून राहतो. म्हणून एक आकडा न धरता पट्टा धरा. समजा वर जाताना १५ ला नको म्हणाले, उतरताना ८ ला हो. पट्टा ८ ते १५. खरा वाढीव धोका ३. उत्तर स्पष्ट आहे. पट्टा २ ते ४ आला असता तर मात्र घाई न करता डॉक्टरांशी आणखी बोलायला हवं होतं.

मध्येच एक परीक्षेचा कागद घाला: गोळीने पक्षाघात १० चे १० च राहतात आणि रक्तस्राव वाढतात. तरीही सासरे 'गोळी' म्हणाले तर ते कागद बघत नाहीत, 'डॉक्टर म्हणतील ते' म्हणत आहेत. तसं म्हणायचा त्यांना हक्क आहे. फक्त त्याला मोजणी म्हणू नका.

याच पद्धतीने कॅनडात केलेली आणि २००१ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. एट्रियल फिब्रिलेशन होण्याचा धोका जास्त असलेले ६१ जण आणि ६३ डॉक्टर यांना विचारलं: वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घ्यायला १०० रुग्णांमागे दोन वर्षांत जास्तीत जास्त किती वाढीव रक्तस्राव चालतील? डॉक्टरांची सरासरी १०.३ आली, रुग्णांची १७.४. किमान किती पक्षाघात टळले तर औषध घेण्यासारखं वाटेल, याला डॉक्टरांचं उत्तर २.५ होतं, रुग्णांचं १.८. रक्तस्राव झाला तर तो आपल्या गोळीने झाला असं डॉक्टरला वाटतं. पक्षाघात मात्र नशिबाने झाला असं वाटतं. रुग्णाला दोन्ही स्वतःच भोगायचे असतात.

प्रश्न: मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. रुग्णांची जोखीमवृत्ती मोजायला 'डॉसपर्ट' वापरावं का? त्यात आरोग्याचा विभाग आहे. (कोल्हापूर)

उत्तर: त्या विभागाचे प्रश्न आधी वाचून पाहा. एल्के वेबर, अॅन-रेने ब्ले आणि नॅन्सी बेट्झ यांनी २००२ साली ही मोजपट्टी काढली. २००६ ची सुधारित आवृत्ती ३० प्रश्नांची, पाच क्षेत्रांची आणि १ ते ७ अशा उत्तरांची आहे. 'आरोग्य व सुरक्षितता' या नावाखाली सीटबेल्ट, हेल्मेट, उन्हात क्रीम न लावणं, जास्त दारू पिणं अशा सवयी आहेत. भूल, शस्त्रक्रिया, औषधांचे दुष्परिणाम नाहीत. बिनहेल्मेट हिंडणारा माणूस इंजेक्शनला घाबरतो, यात विसंगती काही नाही. पुण्यात तर हेल्मेटच्या प्रश्नाने धोक्यापेक्षा शहराचं राजकारण जास्त मोजलं जाईल.

ही उणीव ओळखून २०१२ साली वैद्यकीय प्रश्नांचा वेगळा विभाग तयार झाला: रक्तदान, मूत्रपिंडदान, अॅलर्जीची रोजची गोळी, गुडघा बदलणं, दातांसाठी भूल, औषधाच्या चाचणीत सहभाग. तो घ्या. त्याच्या जोडीला न करण्याचा धोकाही मोजा, म्हणजे तपासणी टाळणं, गाठ लागूनही दाखवायला न जाणं. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा धोका याच प्रकारचा असतो आणि डॉसपर्टमध्ये तो जवळजवळ पकडला जात नाही.

मराठीत आणताना दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, एकत्र बसून जुळवणी, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, मग पाच-सात जणांना 'या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं' असं मोठ्याने बोलायला लावून तपासणी. वाळूत पडून ऊन खाण्याचा प्रश्न इचलकरंजीच्या कामगाराला विचारून काही हाती लागत नाही. असे प्रश्न बदलले तर बदलल्याचं लिहा आणि विश्वासार्हता नव्याने काढा.

प्रश्न: औषधं किंवा उपकरणं मंजूर करताना रुग्णांची ही तयारी कुणी मोजतं का, की सगळं कागदावरच? (क्लिनिकल रिसर्चमध्ये काम करणारा वाचक, पुणे)

उत्तर: मोजतात, आणि निर्णय बदलल्याची उदाहरणं आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारावरचं नॅटालिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये मंजूर झालं आणि पीएमएल हा मेंदूचा जीवघेणा संसर्ग आढळल्याने फेब्रुवारी २००५ मध्ये मागे घेतलं गेलं. धोका हजारात साधारण एक असा अंदाज होता. रुग्णांनी तज्ज्ञ समितीपुढे येऊन सांगितलं की चालणं-फिरणं टिकणार असेल तर एवढा धोका आम्हाला चालेल. जून २००६ मध्ये कडक नोंदणीच्या अटीवर औषध परत आलं.

ती साक्ष होती, मोजणी नव्हे. मोजणी दिसली जानेवारी २०१५ मध्ये. पोटाच्या मज्जातंतूला विजेचे संकेत देऊन भूक कमी करणारं 'माएस्ट्रो' हे उपकरण चाचणीत ठरवलेलं वजनघटीचं मुख्य उद्दिष्ट गाठू शकलं नव्हतं. पण पाचशेहून अधिक स्थूल लोकांच्या पसंतीची पाहणी एफडीएच्या, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, हाताशी होती. अशा पाहणीत प्रत्येकाला दोन-दोन काल्पनिक उपकरणांच्या जोड्या दाखवतात: इतकं वजन घटेल, इतकी वर्षं टिकेल, दुष्परिणाम असे, मृत्यूचा धोका इतका. कोणतं निवडाल? उत्तरांच्या गणितातून एवढ्या फायद्यासाठी कमाल किती धोका मान्य आहे हे निघतं. कमी वजन घटलं तरी धोका कमी असेल तर चालेल, असे पुरेसे लोक आहेत हे दिसल्यावर मंजुरी मिळाली. २०१६ मध्ये एफडीएने यासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

तुमच्या कामासाठी एक सूचना: जोड्या आठ-दहाच्या पुढे नेऊ नका. त्यानंतर लोक एकाच रकान्याकडे, बहुधा मृत्यूच्या, बघून उत्तरं देतात.

प्रश्न: वडील प्रश्नांची उत्तरं देत नाहीत, माझ्याकडे बघतात. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. त्यांच्या वतीने मी उत्तर दिलं तर चालेल ना? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: मोजणीसाठी चालणार नाही. रुग्णाला काय हवं असेल हे जवळच्या माणसाला किती ओळखता येतं, यावरच्या अनेक अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला. नातेवाइकांचं उत्तर ६८ टक्के वेळा बरोबर निघालं, म्हणजे तीनांत जवळजवळ एकदा चूक. वडिलांना आणि तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत तेच कागद द्या, तुम्ही 'वडील काय म्हणतील' ते लिहा, मग समोरासमोर ठेवा. जिथे फरक पडेल तिथे बोलायला विषय मिळतो. वडील सगळ्यांसमोर गप्प राहत असतील तर त्यांच्या वयाच्या कुणी, मित्राने वा धाकट्या काकांनी विचारावं. मुलापुढे भीती कबूल करणं त्या पिढीला जड जातं.

कायद्याच्या बाजूने, शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याचीच लागते. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचं गर्भाशय केवळ तिच्या आईच्या संमतीवर काढलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बेकायदा ठरवलं.

प्रश्न: आमच्याकडे येणाऱ्या अनेक बाया-माणसांना टक्केवारी कळत नाही. त्यांची तयारी कशी मोजू? (परिचारिका, नंदुरबार)

उत्तर: टक्केवारी शिकलेल्यांनाही कळत नाही. १९९७ साली अमेरिकेत स्त्रियांना तीन सोपे प्रश्न विचारले: हजार वेळा नाणं उडवलं तर छापा साधारण किती वेळा पडेल, हजारातले १ टक्का किती, आणि हजारात १ म्हणजे किती टक्के. तिन्ही बरोबर फक्त १६ टक्के स्त्रियांचे आले.

परात घ्या, तिच्यात पांढरे ९८ आणि लाल २ मणी टाका. डोळे मिटून एक उचलायला सांगा, पुन्हा टाका, असं वीसेक वेळा करू द्या. लाल क्वचितच येतो, पण येऊ शकतो, हे हाताला कळतं. मग लाल वाढवत जा आणि 'आता उपचार घ्याल का' विचारा. दोन पर्यायांची तुलना करताना दोन्ही पराती शंभराच्याच ठेवा. 'पन्नासात एक' आणि 'पंचवीसात एक' असं कधीच विचारू नका. मोठा आकडा मोठा धोका वाटतो. जपानमध्ये १९९७ साली केलेल्या एका अभ्यासात १०,००० पैकी १,२८६ मृत्यू (म्हणजे १०० पैकी सुमारे १३) हे १०० पैकी २४.१४ पेक्षा जास्त धोकादायक ठरवले गेले होते. शंभरात एकापेक्षा कमी धोका असेल तर हजार मणी लागतात; तिथे छापील ठिपक्यांचा कागद बरा.

शेवटी त्यांच्याच तोंडून वदवून घ्या: 'घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगाल?' जे सांगतील ते ऐका. त्यात लाल मणी आले नाहीत तर पुन्हा परातीकडे वळा.

प्रश्न: एकदा मोजलेली ही तयारी किती दिवस धरायची? (वाचक, पणजी)

उत्तर: तारीख घालून फाइलला लावा आणि निर्णयाच्या आठवड्यात पुन्हा विचारा. मधल्या काळात नवं दुखणं, घरात एखादा मृत्यू, शेजाऱ्याची फसलेली शस्त्रक्रिया असं काही घडलं असेल तर जुना कागद बाजूला ठेवा. भरतीच्या आदल्या रात्री, उपाशीपोटी, वेदना जोरात असताना किंवा बिलाची रक्कम कळल्यावर पाच मिनिटांत मोजू नका. त्या वेळचा आकडा त्या वेळेपुरताच असतो. पुन्हा मोजताना शब्द आणि रंग पहिल्यावेळचेच वापरा. कार्ड बदललं तर रुग्ण बदलला की कार्ड, हे कळायला मार्ग राहत नाही.